फ्रिटिलेरिया : एका फुलाच्या चित्राचा इतिहास

ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन कलासंग्रहालयात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीचा आणि २० सेंटिमीटर रुंदीचा एक कागद जतन करून ठेवलेला आहे. त्यावर शिसपेन्सिलीच्या रेषा आहेत आणि जलरंगाचे काही पातळ हात आहेत. विषय म्हटला तर एक फूल. एका बाजूस रेषांनी आखलेल्या लहानशा चौकटीत फुलाचे नाव, गावाचे नाव, सन आणि दोन व्यक्तींची आद्याक्षरे : फ्रिटिलेरिया, वॉल्बर्सविक, १९१५. चित्र चार्ल्स रेनी मॅकिंतॉशचे. आणि मॅकिंतॉश इतिहासाला ठाऊक आहे तो प्रामुख्याने वास्तुशिल्पी म्हणून.

आधुनिक कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मॅकिंतॉशच्या दोन स्वतंत्र प्रतिमा तयार करून ठेवल्या आहेत. पहिली प्रतिमा सरळ रेषेच्या आणि चौरसाच्या उपासकाची. निकोलस पेव्हस्नरने १९३६ साली आधुनिक चळवळीच्या अग्रदूतांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याला स्थान दिले ते ग्लासगो कलाशाळेच्या वाचनालयामुळे. दुसरी प्रतिमा व्यवसाय बुडालेल्या, मद्याच्या आहारी गेलेल्या आणि गाव सोडून फुले काढीत बसलेल्या माणसाची. पहिलीला इतिहासाचे मुख्य दालन मिळाले, दुसरीच्या वाट्याला वाचकाची करुणा आली. फुलांची चित्रे या दुसऱ्या प्रतिमेबरोबर दीर्घकाळ वाहवत गेली. ती एका थकलेल्या हाताचा विरंगुळा ठरली. ‘फ्रिटिलेरिया’ हे चित्र नीट पाहिले तर ही वाटणी टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे पाहण्यासारखे आहे.

पूर्वचरित्राची रूपरेषा थोडक्यात अशी. मॅकिंतॉशचा जन्म १८६८ साली ग्लासगोत झाला. वडील पोलीसखात्यात नोकरीस होते आणि त्यांना बागेचे मोठे वेड होते. वयाच्या सोळाव्या वर्षी तो वास्तुशिल्पाच्या उमेदवारीत शिरला, रात्री कलाशाळेत शिकला, आणि पुढे त्याच कलाशाळेची नवी इमारत त्याच्या आराखड्यावरून दोन टप्प्यांत, १८९७ ते १८९९ आणि १९०७ ते १९०९ या काळात, उभी राहिली. १९०० साली मार्गारेट मॅक्डॉनल्ड या चित्रकर्तीशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी व्हिएन्नातील ‘सेसेशन’ या बंडखोर कलावंतांच्या आठव्या प्रदर्शनात या दांपत्याचे काम मांडले गेले आणि योझेफ हॉफमानसारख्या मंडळींनी त्यांचे मनापासून स्वागत केले. ग्लासगोने मात्र त्या मानाने त्याला फारसे ओळखले नाही. मिस क्रॅन्स्टन या बाईंची चहागृहे, प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी यांचे ‘हिल हाउस’, काही घरे, एक चर्च, काही शाळा, असे मोजके काम झाले. मग कामे आटली, भागीदारांशी पटेनासे झाले, आणि १९१३ साली तो भागीदारीतून बाहेर पडला.

१९१४ च्या जुलैमध्ये हे दांपत्य इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यात वॉल्बर्सविक या खेड्यात राहावयास गेले. ग्लासगो कलाशाळेचे संचालक न्यूबेरी यांचे कुटुंब तेथे सुट्टीत येत असे. विश्रांती घेऊन परत जावे असाच प्रथम बेत असावा. पण महिना उलटण्याच्या आत, ४ ऑगस्टला, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. मॅकिंतॉश तेथेच राहिला आणि त्या गावच्या बागांतील व कुरणांतील झाडे एकामागून एक काढू लागला. वर्षभराच्या या वास्तव्यात त्याने काढलेल्या वनस्पतिचित्रांची संख्या चाळिसाच्या घरात जाते. ती जर्मनीत प्रसिद्ध व्हावयाच्या एका पुस्तकासाठी होती आणि युद्धाने तो बेत उधळला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मात्र फुले काढणे ही त्याची वॉल्बर्सविकमध्ये लागलेली नवी सवय नव्हती, ही गोष्ट या संदर्भात फार महत्त्वाची आहे. १९०१ साली होली आयलंडवर काढलेले एक समुद्रकाठचे फूल आणि १९१० साली चिडिंगस्टोन येथे काढलेली जपॉनिकाची डहाळी याच पद्धतीची आहेत. म्हणजे कलाशाळेच्या इमारतीचे दोन्ही टप्पे उभे राहत असतानाच्या वर्षांत हा हात फुलेही काढीत होता. पराभवाने फूल जन्माला घातले, ही कथा कालक्रमापुढेच कोलमडते.

आता चित्राकडे. फ्रिटिलेरिया हे मूळचे ओलसर कुरणातले कंदवर्गीय झाड. बागेतही ते हौसेने लावतात. दांडा बारीक, पाने गवतासारखी लांब व अरुंद, आणि दांड्याच्या टोकाशी मान खाली घालून लोंबणारे घंटेसारखे फूल. फुलाला सहा पाकळ्या. या पाकळ्यांवर गडद आणि फिकट जांभळ्या रंगाची घरे असतात, सोंगट्यांच्या पटावर असावीत तशी. इंग्रज लोक या फुलाला सापाच्या फडीवरून नाव देतात. परंतु शास्त्रज्ञांना त्यात डाव दिसला. ‘फ्रिटिलस’ म्हणजे रोमन लोकांचा फासे खुळखुळवण्याचा डबा, त्यावरून हे नाव पडले. निसर्गात वर्तुळ सर्वत्र आढळते, सर्पिल आढळते, षट्कोणही मधमाशीच्या पोळ्यात आढळतो. चौकटीचा पट मात्र विरळा. तो या फुलावर आहे.

आणि चौकटीचा पट ही तर मॅकिंतॉशची स्वतःची खूण. ‘हिल हाउस’च्या शयनगृहातील ती काळी, उंच पाठीची खुर्ची आठवावी. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या वर चढत जातात आणि माथ्याशी त्यांची चौकटींची जाळी होते. खिडक्यांच्या काचा, दरवाजांतील कोरलेली छिद्रे, गालिचांची नक्षी, दिवे, सर्वत्र तो लहान चौरस पुन्हा पुन्हा येतो. हा चौरस आधुनिक यंत्रयुगाची, नक्षीच्या त्यागाची, बुद्धीच्या शिस्तीची खूण म्हणून वाचला गेला. वॉल्बर्सविकच्या मातीत त्याला तो पाकळीवर सापडला. चाळीस फुलांपैकी याच फुलापाशी त्याचा हात सर्वांत एकाग्र झालेला दिसतो, हे स्वाभाविकच होय.

तथापि, चित्राचे मर्म केवळ या योगायोगात नाही. मॅकिंतॉशने पाकळीवरील घरे काढली ती पट्टी घेऊन आखल्यासारखी नव्हेत. पाकळी फुगते तेथे घर फुगते, कडेशी वळते तेथे ते तिरपे व अरुंद होते, देठाजवळ पट दाटत जातो. चौकट येथे पृष्ठभागाच्या वळणाला शरण जाते आणि त्या शरणागतीतूनच फुलाचा गोलवा डोळ्यांना प्रतीत होतो; छायाप्रकाशाचे नेहमीचे साहाय्य जवळजवळ घ्यावे लागत नाही. वास्तुशिल्पाच्या आराखड्यात जी गोष्ट चौकटीने सपाट केली असती ती येथे चौकटीनेच उठावात आणली आहे. जलरंग हा या कामी अगदी योग्य सोबती ठरतो. तो रेषेला झाकत नाही. पेन्सिलीची रेष रंगाखालून दिसत राहते आणि रंग तिच्या आत पाण्यासारखा उभा राहतो.

दुसरी गोष्ट पारदर्शकतेची. वॉल्बर्सविकच्या या मालिकेत मॅकिंतॉश पुढच्या पानामागे गेलेले दुसरे पान लपवीत नाही. त्याची रेष पुढच्या पानातून आरपार जाते. एका कागदावर झाडाचे अनेक भाग एकमेकांवर येतात आणि कोणता पुढे, कोणता मागे, याचा निर्णय डोळ्यावर सोपविला जातो. चित्रकलेच्या शाळेत ही चूक मानली जाईल. पण ज्याने इमारतीचे नकाशे काढले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. भिंतीमागे जिना आहे हे नकाशावर दाखवावेच लागते. मॅकिंतॉशने झाडाला इमारतीसारखे वाचले आहे : भार कोठून येतो, दांड्याच्या कोणत्या पेरापाशी तो वळतो, पान कोठे फुटते. रंगसुद्धा त्याने निवडून दिलेला आहे. काही भाग रंगाने भरलेले, काही नुसत्या रेषेवर सोडलेले. जणू घराच्या काही खोल्यांत दिवा लावला आणि काही अंधारात राहू दिल्या.

बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या व पुढच्याच वर्षी साहित्य अकादेमीने गौरविलेल्या ग्रंथातील लयतत्त्वाची येथे आठवण होते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन नियमांनी कलाकृतीची लय घडते, असे मर्ढेकर मानतात. ‘फ्रिटिलेरिया’त लांब, सैल, वर झेपावणाऱ्या पानांचा आणि दाट पटाच्या, खाली झुकलेल्या फुलाचा विरोध उघड आहे, पानाच्या आणि पाकळीच्या कडा एकाच जातीच्या, न थांबणाऱ्या रेषेने काढल्या आहेत, हा संवाद, आणि फुलांच्या गडद भाराला तोलून धरते ती, आश्चर्य म्हणजे, अक्षरांची चौकट. नामपट्टी झाकून चित्र पाहावे. ते लगेच एका बाजूला कलते. मर्ढेकरांच्या सिद्धांताचे यश येथे दिसते आणि त्याची अडचणही येथेच सुरू होते. कारण शुद्ध रूपाचा पुरस्कर्ता म्हणेल, की चौकटीला केवळ काळसर आयत म्हणून पाहा, तिच्यात काय लिहिले आहे याच्याशी सौंदर्याचा संबंध नाही. पण ती अक्षरे आहेत, ती वाचली जातात. आणि वाचली की चित्रात गाव येते, वर्ष येते, दोन माणसे येतात. या कागदावर इतिहास बाहेरून चिकटविलेला नाही. तो रचनेचा एक खांब आहे.

त्या आद्याक्षरांचा विचार अधिक करावयास हवा. पहिली अक्षरे चार्ल्स रेनी मॅकिंतॉशची, दुसरी मार्गारेट मॅक्डॉनल्ड मॅकिंतॉशची. चित्र दोघांनी मिळून काढले, असा त्याचा अर्थ अभ्यासक करीत नाहीत. फूल काढले गेले तेव्हा ती सोबत होती, एवढेच ही अक्षरे नोंदवितात असे मानले जाते. एवढेच, म्हणजे किती? १९२७ साली दक्षिण फ्रान्सहून पत्नीला लिहिलेल्या एका पत्रात, आपल्या सर्व वास्तुकार्यात तिचा वाटा निम्मा, किंबहुना पाऊण होता, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. इतिहासकारांनी ही पतीची कृतज्ञता मानून सोडून दिली. काहींनी तर मार्गारेटच्या नक्षीने त्याच्या आधुनिकतेला बाधा आणली असा उलटा निवाडा दिला. सरळ रेष त्याची आणि वेलबुट्टी तिची, अशी वाटणी मग सोयीची होते. पण पाकळीवरच चौकट असणाऱ्या या फुलाखाली दोघांची अक्षरे एकाच चौकटीत आहेत, आणि ती चौकट त्यानेच आखली आहे.

वनस्पतींच्या शास्त्रीय चित्रांची परंपरा यापूर्वीची आणि मोठी आहे. पण तिची नीती वेगळी. एक उदाहरण महाराष्ट्रातले आहे आणि तेही एका स्कॉटिश माणसाशी निगडित. पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान होते. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या वर्षांत एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून तेथील झाडांची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात आहेत. चित्रे अतिशय सुंदर आहेत. चित्रकाराचे नाव मात्र उरलेले नाही. शास्त्रीय चित्रात झाड जातीचे प्रतिनिधी असते, त्याला स्थळ-काळ नसतो, आणि काढणाऱ्या हाताने अदृश्य व्हावे अशीच अपेक्षा असते. मॅकिंतॉशने शास्त्रीय चित्राची काटेकोर नजर घेतली आणि ही अदृश्यता नाकारली. त्याचे फूल एका विशिष्ट गावचे, एका विशिष्ट वर्षीचे, दोघांनी पाहिलेले आहे. आधुनिकता म्हणून जे काही या चित्रात आहे त्यातला मोठा भाग या नकारात आहे.

फ्रिटिलेरियाचा बहर एप्रिल-मेमधला. तेव्हा १९१५ हा सन वाचला की चित्राचा काळ जवळजवळ आठवड्यांपर्यंत खाली आणता येतो. आणि तो काळ या दांपत्याच्या वॉल्बर्सविकमधील अखेरचा काळ होय. पूर्व किनाऱ्यावर शत्रूच्या आक्रमणाची भीती दाटली होती. एक अनोळखी, किंचित लंगडत चालणारा, गावकऱ्यांना अपरिचित उच्चारांत बोलणारा गृहस्थ संध्याकाळी समुद्रकाठी फिरतो आणि दिवसा पानाफुलांची बारीक चित्रे काढतो, हे लोकांच्या डोळ्यांवर आले. त्याच्या बिऱ्हाडाची झडती झाली आणि जर्मन भाषिक देशांतून आलेली पत्रे हाती लागली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले होते त्या व्हिएन्नाशी असलेला संबंधच आता पुरावा ठरला. हेरगिरीचा आरोप सिद्ध झाला नाही, होण्यासारखा नव्हताच. पण पूर्वेकडील परगणे सोडून जाण्याचा हुकूम मात्र झाला. त्या उन्हाळ्यात त्याने वॉल्बर्सविक सोडले. चौकटीतल्या त्या गावाच्या नावाकडे या माहितीनंतर पूर्वीच्याच नजरेने पाहणे कठीण आहे. ज्या गावाने त्याला संशयित म्हणून घालविले त्या गावाचे नाव त्याने किती जपून, किती नीटनेटके लिहिले आहे!

येथे कथा अनपेक्षितपणे हिंदुस्थानाकडे वळते. लंडनला आल्यावर मॅकिंतॉशला ज्यांच्याकडून आधार मिळाला त्यांत प्रा. पॅट्रिक गेडिस यांचा समावेश होतो. गेडिस यांचे नाव मुंबईकरांना परके नाही. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारखा समाजशास्त्रज्ञ त्यांच्याच निवडीमुळे इंग्लंडला शिकावयास गेला. पण गेडिस यांचे मूळचे शास्त्र वनस्पतींचे : १८८८ पासून १९१९ पर्यंत डंडी येथील वनस्पतिशास्त्राचे आसन त्यांच्याकडे होते. शहर हेही झाडासारखे वाढते, त्याला कापण्यापूर्वी त्याची मुळे पाहावीत, ही त्यांची नगररचनेची दृष्टी. युद्धाचा फटका त्यांनाही बसला होता. हिंदुस्थानात मांडावयाचे त्यांचे नगरप्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते १९१४ साली ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. नव्याने जमविलेले साहित्य १९१५ च्या जानेवारीत मद्रासला मांडले गेले.

याच गेडिस यांच्या हिंदुस्थानातील योजनांसाठी मॅकिंतॉशने १९१५-१६ च्या सुमारास काही आराखडे काढले : खाली कमानींचा सलग मार्ग आणि वर कचेऱ्या असलेली बाजाररस्त्यावरची इमारत, सार्वजनिक चौकातले एक स्मारक. तो हिंदुस्थानात कधी आला नाही, आणि यांतले काहीही बांधले गेले नाही. या आराखड्यांचे वास्तुशिल्पातील मोल फार मोठे आहे असे म्हणवत नाही. उन्हाचा आणि पावसाचा विचार त्यांत आहे, पण देश त्यांत नाही. महत्त्व आहे ते सान्निध्याला. ज्याने नुकतेच फ्रिटिलेरियाचे पान आरपार काढले होते त्याला काम दिले ते शहराला झाडासारखे वाचणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्या दोघांमध्ये या विषयावर काय बोलणे झाले असेल ते असो. फूल आणि इमारत यांना एकच वाक्यरचना असते यावर दोघांचेही मत पडले असते, एवढे त्यांच्या कामावरून दिसते.

यापुढची फुले निराळी आहेत. चेल्सी येथील वास्तव्यात मॅकिंतॉशने प्रदर्शनात विकली जातील अशी फुलदाणीतील फुले रंगविली : ॲनिमोन, बेगोनिया, पिओनी. रंग घट्ट, कागद काठोकाठ भरलेला, पार्श्वभूमीला रंगीत नक्षी. कसब पूर्वीइतकेच, कदाचित अधिक. पण रेषा रंगाखाली बुडाली, आणि फुलाचे मूळ गेले, ते फुलदाणीत आले. त्याच काळात कापडाच्या कारखानदारांसाठी त्याने शंभराहून अधिक नमुने काढले. त्यांत ट्यूलिप आणि गुलाब इतके सुटे, इतके भूमितीकडे झुकलेले आहेत, की फूल ओळखण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. ‘फ्रिटिलेरिया’ या दोन टोकांच्या मधे उभे आहे. त्यात फूल पुरते फूल आहे आणि भूमिती पुरती भूमिती. ही अवस्था कोणत्याही कलावंताच्या हाती फार काळ राहत नाही. मॅकिंतॉशच्याही राहिली नाही. १९२३ मध्ये हे दांपत्य दक्षिण फ्रान्सला गेले. तेथे त्याने डोंगर, बंदर आणि घरे यांची सुमारे चाळीस जलरंगचित्रे केली. ती थोर आहेत. तरी अधूनमधून तो तेथेही एखादी डहाळी जुन्याच पद्धतीने, नाव-गाव-सन घालून, काढीत असे. आमेली-ले-बँ येथील १९२४ चा मिमोसा तसा आहे.

१९२७ साली त्याला जिभेचा कर्करोग झाला. १० डिसेंबर १९२८ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. मार्गारेट १९३३ च्या जानेवारीत वारली. दोघांच्या चेल्सीतील चित्रशाळांत उरलेल्या सर्व सामानाची, त्यात चित्रेही आली, किंमत ठरविण्यात आली ती ८८ पौंड, १६ शिलिंग व २ पेन्स. त्याच वर्षी ग्लासगोत काही स्नेह्यांनी स्मृतिप्रदर्शन भरविले आणि लोक चित्रे विकत घेऊ लागले. इमारतींचा अभ्यास व्हावयास अजून बराच अवकाश होता. टॉमस हॉवर्थचा मोठा ग्रंथ १९५२ चा. कलाशाळेची इमारत २०१४ च्या मे महिन्यात आगीत सापडली, तिचे वाचनालय जळाले. दुरुस्ती चालू असतानाच २०१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या आगीने ती जवळजवळ सर्व खाक झाली. पेव्हस्नरने ज्या वाचनालयाच्या बळावर मॅकिंतॉशला आधुनिकांच्या पंक्तीला बसविले ते आज छायाचित्रांत आणि आराखड्यांत तेवढे आहे. फुलांच्या कागदांचे जलरंग प्रकाशाने फिके पडतात, म्हणून असे कागद संग्रहालये सतत मांडून ठेवीत नाहीत. बराच काळ ते अंधारात, कपाटाच्या खणात असतात, आणि मागितले तर अभ्यासकाला पाहावयास मिळतात.